विजेच्या कामाला हात कोणी लावावा?

दिवाळी तोंडावर आली की आमच्या गल्लीत शिड्या बाहेर पडतात. गच्चीवरून माळा सोडायच्या असतात, आकाशकंदिलासाठी अंगणात एक पॉईंट काढून हवा असतो, बंद पडलेला ट्यूबलाईट सणापुरता तरी लागायला हवा असतो. वायरमन ह्या दिवसांत मिळत नाही आणि मिळाला तर वेळ देत नाही. मग कोणी तरी सुचवते, "अहो, त्या पलीकडच्या घरातल्या पोराला बोलवा की. त्याला सगळं येतंय." पोरगा येतो, शिडीवर चढतो, दाताने वायर सोलतो आणि दहा मिनिटांत दिवा लावून देतो. आपण त्याच्या हातावर नोट ठेवतो, फराळाची बशी पुढे करतो आणि त्याचे कौतुक करतो.

त्याला 'येतं' हे आपण कशावरून ठरवले? दिवा लागला यावरून. पण दिवा लागणे हे काम झाल्याचे लक्षण आहे, काम करणारा त्या कामाला पात्र असल्याचे नव्हे. ह्या दोन गोष्टींतला फरक समजायला जगाला बरीच वर्षे लागली आणि बरीच माणसे गमवावी लागली. आज आपल्या विद्युत नियमांत जी रूक्ष वाक्ये आपण वाचतो, किंवा खरे तर वाचत नाही, त्यांच्यामागे हा इतिहास आहे.

माझ्या लहानपणी आमच्या भागात एक वायरमनकाका होते. खाकी हाफ पँट, खिशात पक्कड आणि टेस्टर, आणि एका होल्डरला दोन वायरी जोडून केलेला टेस्ट लॅम्प. एकदा आमच्याकडे काम निघाले तेव्हा मोठ्या भावाने उत्साहाने सांगितले, "काका, मेन बंद केलाय की!" काका म्हणाले, "तू केलास बाळा, खरं मी कुठं बघितलंय?" मग ते उठले, स्वतः मेन पाहिला, फ्यूज काढून खिशात घातले. टेस्ट लॅम्प आधी शेजारच्या घरातल्या चालू पॉईंटवर लावून तो पेटतो याची खात्री केली, आणि मगच आमच्या वायरीवर लावला. आम्हा मुलांना हा सारा वेळकाढूपणा वाटे. तो वेळकाढूपणा नव्हता, त्यांच्या धंद्याचे सार होते, हे फार पुढे कळले.

तारा मेल्या आहेत असे समजून

विजेने माणूस मरतो हे विजेचा व्यापार सुरू होताच दिसून आले. १८७९ साली फ्रान्समधील लिऑन शहरात रंगमंचावर काम करणारा एक सुतार जनित्राच्या प्रवाहाने दगावला. कारखान्यातल्या विजेने झालेला हा पहिला नोंदलेला मृत्यू मानला जातो. तो बिचारा विजेचा कामगार नव्हता, त्याला धोका ठाऊक असण्याचे कारणच नव्हते.

पण दहा वर्षांनी न्यूयॉर्कमध्ये जे घडले ते निराळे होते. ११ ऑक्टोबर १८८९ रोजी जॉन फीक्स नावाचा लाईनमन भर दुपारी, भर वस्तीत, खांबावर चढून तारायंत्राच्या तारा दुरुस्त करीत होता. त्या काळी न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर तारायंत्र, टेलिफोन आणि दिव्यांच्या तारांचे जंजाळ माजले होते. फीक्स ज्या तारांना हात लावीत होता त्या त्याच्या समजुतीप्रमाणे निरुपद्रवी होत्या. प्रत्यक्षात दूर कुठे तरी त्यातली एक तार दिव्यांच्या उच्च दाबाच्या तारेला टेकली होती. फीक्स जागच्या जागी मेला आणि त्याचा देह त्या जंजाळात लोंबकळत राहिला. खाली हजारो माणसे पाहत उभी होती. शहरात गदारोळ झाला आणि वरच्या तारा उतरवून जमिनीखाली घालण्याच्या कामाला वेग आला.

इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की फीक्स अडाणी नव्हता. खांबावर चढणे, तार ओढणे, जोड देणे हे त्याचे रोजचे काम होते. त्याला त्याचे काम 'येत' होते. त्याला एवढेच ठाऊक नव्हते की आपल्या हातातल्या तारेत त्या क्षणी काय आहे. आणि ते तपासून पाहण्याची सक्ती त्याच्यावर कोणी केली नव्हती, तसे साधनही कोणी दिले नव्हते.

ह्या लाईनमनांनीच पुढे आपली संघटना बांधली. नोव्हेंबर १८९१ मध्ये सेंट लुईस येथे विद्युत कामगारांचा राष्ट्रीय संघ स्थापन झाला. त्याचा पहिला अध्यक्ष हेन्री मिलर हा स्वतः लाईनमन होता. पगारवाढीइतकीच संघाची मागणी होती ती शिकाऊ उमेदवारांना रीतसर शिक्षण मिळावे ही. हा मिलर १८९६ साली वॉशिंग्टन शहरात खांबावर काम करताना झटका बसून खाली पडला आणि मरण पावला. कामगारांच्या सुरक्षिततेसाठी झटणारा माणूसही त्याच खांबावरून गेला. अनुभवाने धोका कमी होतो पण संपत नाही, हे ह्या धंद्याने आरंभीच पाहिले.

कायदा आला, वीज नंतर आली

आपल्याकडची गोष्ट थोडी गमतीची आहे. हिंदुस्थानात विजेसंबंधीचा पहिला कायदा १८८७ साली झाला. विजेच्या पुरवठ्यामुळे माणसांना, मालमत्तेला आणि सरकारच्या तारायंत्राला अपाय होऊ नये एवढाच त्याचा हेतू होता. तेव्हा देशात सार्वजनिक वीजपुरवठा जवळजवळ नव्हताच. आपल्या जिल्ह्यात गोकाकच्या धबधब्याजवळ पाण्याच्या शक्तीचा उपयोग करणारी सूतगिरणी उभी राहिली ती ह्याच दशकात. दार्जिलिंगजवळ सिद्रापोंगचे जलविद्युत केंद्र १८९७ साली सुरू झाले, कलकत्त्यात १८९९ साली वीजपुरवठा सुरू झाला. म्हैसूर संस्थानात कावेरीवर शिवनसमुद्र येथे १९०२ साली केंद्र उभे राहिले आणि तेथून सुमारे दीडशे किलोमीटर लांबीच्या तारांनी कोलारच्या सोन्याच्या खाणींना वीज पोचवली. मुंबईत १९०७ साली विजेची ट्राम धावली, आणि १९१५ पासून टाटांच्या खोपोली केंद्राची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली.

ह्या साऱ्या कामांना माणसे लागली. अभियंते परदेशातून आले, पण खांब उभारणारे, तारा ओढणारे, गिरणीत मोटर जोडणारे हात इथलेच होते. हे हात शिकले कसे? सुताराचा मुलगा जसा बापाच्या हाताखाली शिकतो तसे, पाहून पाहून. फरक एवढाच की लाकूड चुकीला क्षमा करते. रंधा चुकला तर फळी वाया जाते. इथे चूक झाली तर ती सांगायला माणूस उरतोच असे नाही. म्हणून ह्या धंद्यात 'करता करता शिकेल' हा आपला जुना मार्ग एकट्याने पुरा पडत नाही.

१९०३ साली नवा कायदा आला, तो लवकरच अपुरा ठरला आणि १९१० चा भारतीय विद्युत कायदा आला. तो थेट २००३ पर्यंत टिकला. इंग्लंडमध्ये कारखान्यांतील विजेबाबत १९०८ साली नियम झाले होते. त्यांत दोन शब्द पुढे आले: एक 'अधिकृत व्यक्ती' आणि दुसरा 'सक्षम व्यक्ती'. पुढील शंभर वर्षांत जगभर ह्या विषयावर जे जे लिहिले गेले ते ह्या दोन शब्दांभोवतीच फिरते. सक्षम म्हणजे ज्याच्या अंगी ज्ञान आणि अनुभव आहे तो. अधिकृत म्हणजे ज्याला जबाबदार माणसाने ते काम नेमून दिले आहे तो. नुसता सक्षम चालत नाही आणि नुसता अधिकृतही चालत नाही, दोन्ही एकाच माणसात असावे लागते.

छप्पन साल

१९३७ चे नियम बाजूला सारून भारतीय विद्युत नियम आले ते १९५६ साली. आपल्या भागाला हे साल निराळ्या कारणाने आठवते. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला बेळगाव, धारवाड, विजापूर आणि कारवार हे जिल्हे मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. परवाना देण्याचा अधिकार राज्य सरकारचा, त्यामुळे आपल्याकडच्या वायरमनाचे दफ्तरही मुंबईकडून बंगळूरकडे गेले. नियम मात्र दोन्हीकडे तेच राहिले, कारण ते साऱ्या देशाला लागू होते. पलीकडे महाराष्ट्राच्या सरकारी मराठीत वायरमनाला 'तारतंत्री' असे भारदस्त नाव मिळाले. ते परवान्यावरच राहिले, तोंडी आले नाही. अलीकडे कर्नाटकात लाईनमनाचा 'पॉवरमन' झाला. वीज मंडळ जाऊन २००२ साली हुबळीची कंपनी आली, तरी आपण अजून 'केईबी'च म्हणतो. नावे बदलतात, खांब तोच असतो.

ह्या छप्पनच्या नियमांतले काही नियम सामान्य वाचकाने जाणून घेण्यासारखे आहेत. नियम ४५ असा की, ग्राहकाच्या जागेतले विजेचे काम परवानाधारक ठेकेदारानेच करावे, ते सक्षमतेचे प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली व्हावे, आणि हाताने काम करणाऱ्याकडे परमिट असावे. म्हणजे एका कामाला तीन माणसे उत्तरदायी. दिवा, पंखा, फ्यूज, स्विच बदलणे यासारखी, मूळ जोडणीत काही फरक न करणारी किरकोळ कामे तेवढी यातून वगळली होती. अंगणात नवा पॉईंट काढणे त्या सवलतीत बसत नाही, हे दिवाळीच्या निमित्ताने लक्षात ठेवावे.

नियम ३ त्याहून बारकाईचा. कोणाला काम करण्याचा अधिकार दिला आहे त्यांची नावे लेखी असावीत, आणि नुसती नावे नव्हेत, कोणत्या कामासाठी अधिकार दिला तेही लिहिलेले असावे. 'हा आपला माणूस आहे, करील काहीही' ही भाषा नियमाला मान्य नाही. नियम ३६ सांगतो की, तारेला हात लावण्यापूर्वी ती जमिनीशी जोडून वा अन्य मार्गाने प्रवाहमुक्त करावी, आणि काम चालू असताना ती चुकून पुन्हा भारित होणार नाही याचीही तजवीज करावी. फीक्सचा मृत्यू आठवा. त्या दिवशी न्यूयॉर्कमध्ये जे झाले नाही, ते सारे ह्या एका नियमात आहे.

आणखी एक नियम सीमाभागाला जवळचा वाटावा असा आहे. धोक्याची पाटी हिंदीत किंवा इंग्रजीत आणि त्याखेरीज जिल्ह्याच्या स्थानिक भाषेत असावी, सोबत कवटी आणि हाडांचे चित्र असावे, असे नियम ३५ म्हणतो. नियम करणाऱ्याला ठाऊक होते की, वाचता न येणाराही ह्या पेटीजवळ येणार आहे. जी गोष्ट पाटीची तीच शिकवणुकीची. खांबावर चढणाऱ्याला जी भाषा नीट कळते त्या भाषेत सूचना मिळाली नाही, तर ती दिली असे म्हणता येत नाही. कन्नड असो वा मराठी, इथे प्रश्न अभिमानाचा नसून जिवाचा आहे.

२००३ साली नवा विद्युत कायदा झाला. छप्पनच्या नियमांची जागा केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या विनियमांनी घेतली आणि २०२३ साली त्यांच्याही जागी नवे आले. कलमांचे क्रमांक बदलले, सुरक्षा अधिकारी आणि प्रशिक्षण यांविषयीच्या तरतुदींची भर पडली. ज्याला काम द्यायचे तो सक्षम असावा आणि त्याला ते लेखी नेमून दिलेले असावे, हा गाभा राहिला.

पात्र म्हणजे काय?

'मला शॉक बसला तर मी हात काढून घेईन,' असे सांगणारे धाडसी लोक प्रत्येक गल्लीत असतात. कॅलिफोर्निया विद्यापीठातील चार्ल्स डालझिल यांनी १९४० च्या दशकात स्वयंसेवकांवर काळजीपूर्वक प्रयोग करून नेमके हेच मोजले. किती प्रवाहापर्यंत माणूस हातातली तार आपल्या इच्छेने सोडू शकतो? पुरुषांच्या बाबतीत सरासरी सुमारे १६ मिलिअँपिअर आणि स्त्रियांच्या बाबतीत सुमारे साडेदहा. त्यापुढे हाताचे स्नायू आखडतात, मूठ उघडत नाही. आता तुलना पाहा. आपला जुना ६० वॅटचा बल्ब २३० व्होल्टवर सुमारे २६० मिलिअँपिअर घेतो. एका बल्बाला जेवढा प्रवाह लागतो त्याच्या सोळाव्या हिश्श्यालाच माणसाची इच्छाशक्ती संपते. ह्या धंद्यात धाडस हा गुण धरता येत नाही तो यामुळे.

मग गुण कोणता? अमेरिकेच्या कामगार सुरक्षा खात्याने १९९० साली काढलेल्या नियमांत याचे फार सुटसुटीत उत्तर आहे. उघड्या जिवंत भागांजवळ काम करणाऱ्याला तीन गोष्टी आल्या पाहिजेत. समोरच्या पसाऱ्यात जिवंत भाग कोणता आणि निर्जीव कोणता हे ओळखता आले पाहिजे. त्या जिवंत भागाचा दाब किती हे ठरवता आले पाहिजे. आणि त्या दाबाला किती अंतर राखायचे हे ठाऊक पाहिजे. तिन्ही गोष्टी तारेला हात लावण्यापूर्वीच्या आहेत. पक्कड धरणे, जोड देणे ही कसबे त्यानंतरची.

तेच नियम पुढे आणखी दोन गोष्टी सांगतात. माणूस एका यंत्रसामग्रीसाठी पात्र आणि दुसरीसाठी अपात्र असू शकतो. घरातील वायरिंगमध्ये मुरलेला माणूस अकरा हजार व्होल्टच्या डी.पी.वर नवखाच असतो. आणि शिकाऊ माणूस, पात्र माणसाच्या प्रत्यक्ष नजरेखाली, आपल्या शिक्षणाच्या पायरीला शोभेल तेवढे काम करीत असेल, तर तेवढ्या कामापुरता तो पात्र धरावा. दुसरी गोष्ट मला फार मोलाची वाटते. तिच्यात शिकणाऱ्यासाठी दार उघडे आहे, आणि त्या दारात कोणी तरी उभे असलेच पाहिजे अशी अटही आहे.

आपल्याकडे हे दार १९५० पासूनच्या कारागीर प्रशिक्षण योजनेने आणि १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने उघडले. आय.टी.आय.मध्ये इलेक्ट्रिशियन आणि वायरमन हे दोन-दोन वर्षांचे अभ्यासक्रम आले. खेड्यापाड्यांतील किती तरी मुले त्या शाळांतून बाहेर पडली, काही आखातापर्यंत गेली, काहींनी आपल्या गावाला उजेड दिला.

झिरो वायरमन

पण ह्या दाराबाहेर फार मोठी रांग आहे. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात 'झिरो वायरमन' हा शब्द रूढ आहे. पगारपत्रकावर नाव नाही, परमिट नाही, विमा नाही, पण फ्यूज उडाला की गावकरी त्यालाच शोधतात आणि पुष्कळदा नेमलेला माणूसही त्यालाच वर चढवतो. तो चढतो, कारण त्याला चार पैसे मिळतात, आणि पुढेमागे नोकरीत घेतील अशी आशा असते. छप्पनच्या नियमाने ज्याचे नाव आणि काम कागदावर लिहायला सांगितले होते, तो हाच माणूस. त्याचे नाव कागदावर येते ते पंचनाम्यात.

सरकारी नोंदींनुसार २०२१ साली भारतात विजेच्या धक्क्याने बारा हजारांहून अधिक माणसे मेली. त्यांत शेतकरी आहेत, मुले आहेत, घरातल्या बायका आहेत आणि कामगारही आहेत. शिवाय आता एक नवी भर पडली आहे. पूर्वी वीज एकाच बाजूने येई. आता घरोघरी इन्व्हर्टर, मंगल कार्यालयात जनरेटर, छपरावर सौर पट्ट्या. चुकीची जोडणी असेल तर लाईन बंद असतानाही खालून वर 'रिटर्न' येतो, आणि खांबावरचा माणूस बंद समजलेल्या तारेने मरतो. लाईन क्लिअर घेतलेली असूनही शेवटी तार तपासून ती जमिनीशी जोडायची ती यासाठी. एकशे तीस वर्षांत साधने बदलली, फीक्सची चूक मात्र अजून कोणाच्याही हातून होऊ शकते. आणि तिला आपल्या घरातली एखादी चुकीची जोडणीही कारण होऊ शकते.

तेव्हा ह्या दिवाळीत त्या पोराला हाक मारण्यापूर्वी थोडे थांबावे. त्याला तीन प्रश्न विचारावेत: वीज कुठून कुठून येते, ती बंद झाली हे तू कशाने तपासलेस, आणि ते साधन चालते हे कशावर पाहिलेस? उत्तर आले नाही तर त्याला रागावू नये आणि हाकलूनही देऊ नये. त्याच्या हातात कसब आहे, ते वाया घालवू नये. परमिट असलेल्या माणसाच्या हाताखाली त्याला घालावे, जमले तर आय.टी.आय.चा अर्ज भरून द्यावा. आणि शिडीवरून "मला अजून खात्री नाही, मी हात लावणार नाही," असे तो म्हणाला, तर त्याची थट्टा न करता अंधारात अर्धा तास बसण्याची तयारी आपण ठेवावी.

आमच्या वायरमनकाकांनी उभ्या जन्मात किती दिवे लावले त्याचा हिशेब कोणी ठेवला नाही. म्हातारपणी ते ओट्यावर बसून राहत. सारी बोटे शाबूत होती, आणि कोणी त्यांच्या धंद्याविषयी विचारले की ते तेवढीच उघडून दाखवीत.